श्वास घेणारा दिवा

जुलैत पाचगणीच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या गाड्या समोरून पाहत गेलं, की कितीतरी हेडलाइटना आतून वाफ धरलेली दिसते. नवी गाडी असेल तर मालकाचा जीव खालीवर होतो. दिवा सदोष आला, पाणी आत गेलं, आता पूर्ण असेंब्ली बदलावी लागणार, अशी त्याची समजूत होते. खरं तर बहुतेक वेळा दिवा धडधाकट असतो. त्याने नुकताच घाट चढलेला असतो, एवढंच.

हेडलाइट ही हवाबंद वस्तू आहे असं आपण धरून चालतो, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. दिवा मुद्दामच हवाबंद केलेला नसतो. आतली हवा 25 अंशांवरून 75 अंशांवर गेली, तर तिचा दाब जवळजवळ सतरा टक्क्यांनी वाढतो. फूटभर लांब-रुंद काचेवर हा जोर दीडशे किलोच्या वर भरेल. इतका जोर रोज लागला आणि गेला, तर काच आणि मागचं प्लास्टिक जोडणारा गोंद फार दिवस तग धरणार नाही. म्हणून दिव्याच्या पाठीला श्वासाची वाट ठेवलेली असते. कुठे वळण दिलेली रबरी नळी, कुठे स्पंजाचा तुकडा, तर कुठे नाण्याएवढा पांढरा पडदा. हा पडदा ताणलेल्या टेफ्लॉनचा असतो. टेफ्लॉन झटक्याने ताणलं की त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडतात, हे अमेरिकेत बॉब गोर यांना 1969 साली सापडलं. त्या छिद्रांतून हवा आणि वाफ ये-जा करतात, पण पाण्याचा थेंब अडतो.

आता हा दिवा पसरणी घाटात आणू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, तर पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास. बारा-तेरा किलोमीटरच्या या चढणीत हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो. म्हणजे दिवा लावला नाही तरी वर जाताना तो थोडी हवा बाहेर सोडतो आणि खाली येताना तेवढीच आत ओढतो. मुंबईहून निघालेल्या गाडीच्या दिव्यात पावसाळ्यातली दमट हवा असते. तिच्या एका घनमीटरमध्ये वीस-बावीस ग्रॅम पाणी सहज सापडतं. पाचगणीच्या एकोणीस-वीस अंशांच्या धुक्यात हवेला सोळा-सतरा ग्रॅमच पेलतात. उरलेलं पाणी सगळ्यात थंड जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे वाऱ्यापावसात असलेली पुढची काच.

जुन्या अँबॅसडर-फियाटच्या काळात हे फारसं जाणवत नसे. त्या गोल काचांवर उभ्या रेघा असत, त्यामुळे आतली वाफ डोळ्यांत भरत नसे. शिवाय बल्ब काच तापवून ती वाळवत असे. हॅलोजन बल्बच्या 55 वॅटपैकी बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि त्यातली बरीचशी झोताबरोबर पुढे येते. एलईडीचा झोत मात्र थंड असतो. त्याची उष्णता पाठीमागच्या धातूच्या पंख्यांकडे जाते, काचेला तिचा उपयोग होत नाही. म्हणून नव्या, महागड्या दिव्यांत वाफ जास्त वेळ टिकते. यात मालकाची किंवा कारागिराची काही चूक नसते.

पण वाफ वेगळी आणि पाणी वेगळं. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. दिव्याच्या आत पाच लिटर हवा धरा. वीस अंशांना ती पूर्ण ओली असली, तरी तिच्यातलं सगळं पाणी एक दशांश ग्रॅमही भरत नाही. जेमतेम दोन थेंब. प्लास्टिकने शोषलेला ओलावा धरला तरी त्यातून पातळ धुरकट थरच होतो. काचेच्या आतून ओघळ येत असतील किंवा तळाशी पाणी डुचमळत असेल, तर ते हवेतून आलेलं नाही. कुठेतरी भोक आहे.

ते भोक बहुतेक वेळा पाठीमागे असतं. बल्ब बदलल्यावर मागचं रबर नीट बसवलेलं नसतं. बाजारातला एलईडी बल्ब घातला आणि त्याचा पंखा मागे आडवा आला, म्हणून टोपी काढूनच टाकलेली असते. कधी बंपरला लागलेल्या धक्क्याने टेकूजवळ बारीक तडा गेलेला असतो. घाट चढून तापलेला दिवा लगेच प्रेशरच्या गार पाण्याने धुतला, तर आतली हवा आक्रसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. कोळ्याचं जाळं किंवा चिखल बसून श्वासाची नळी बंद झाली, तरी आलेली वाफ कोंडून राहते.

अशा वेळी सगळीकडून सिलिकॉन फासणं हा सर्वांत वाईट उपाय, आणि दुर्दैवाने सर्वांत लोकप्रिय. त्याने श्वासाची वाट बुजते आणि आतला ओलावा आतच राहतो. हीट गन जवळ धरली, तर काचेवरचा संरक्षक लेप खराब होतो. कारण आजची ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक आहे. आधी नळ्या साफ कराव्यात, रबर तपासावं. मग कोरड्या जागी मागची टोपी उघडून पंख्याचा वारा द्यावा, सिलिका जेलची पुडी रात्रभर आत टांगावी आणि सकाळी आठवणीने काढावी. पाचगणीच्या धुक्यात हे करून काही साधत नाही; तेच काम वाईत उतरून केलं तर लवकर होतं, कारण तिथली हवा उबदार आणि त्या मानाने कोरडी असते. सिलिकॉन लावायचंच तर डोळ्यांना दिसणाऱ्या तड्यावर, दिवा पूर्ण वाळल्यानंतर.

हा खटाटोप देखणेपणासाठी नाही. आपल्याकडे लो बीमचा झोत उजवीकडे सपाट कापलेला असतो आणि डावीकडे वर चढतो, म्हणजे रस्त्याची कड दिसावी आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत. काचेवरचे थेंब उजेड-अंधाराची ही रेघ विस्कटतात. पसरणीच्या वळणावर, धुक्यात, समोरून एसटी येत असताना तो विखुरलेला उजेड चालकाच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याला मात्र कठडा दिसत नाही. म्हणून रात्री उतरायचं असेल तर गाडी आधी एखाद्या भिंतीसमोर उभी करून लो बीम लावावा. रेघ स्पष्ट असेल तर काठावरच्या वाफेची काळजी करू नये. रेघ पुसट झाली असेल आणि अर्ध्या तासात सुधारली नाही, तर मुक्काम करून सकाळी उतरावं.