विरोध मनात, नाव यादीत

अंतराळातल्या साम्राज्यांचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३मध्ये सुरू केला. चीन वगळता साऱ्या जगातले खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात. कायदा नसलेल्या सीमाभागात त्यांचे संघ प्रदेश जिंकतात, भाडं वसूल करतात, तह करतात. मित्रांची जहाजं पडद्यावर निळ्या खुणेने दिसतात. निळ्यांची यादी फुगत गेली की लढायला कुणी उरत नाही आणि खेळ बेचव होतो, ही तिथली जुनी तक्रार. महाआघाड्या मोडल्या पाहिजेत, असं कळकळीने म्हणणारे कित्येक जण पुढे अर्ज भरून त्यांच्यातच दाखल होतात. याला ढोंग म्हणणं मला पटत नाही. विरोध खरा असतो. आड येतं ते गणित.

हे गणित फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलं. प्रत्येक सैनिक शत्रूपैकी कुणावरही नेम धरू शकत असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. एकाच बनावटीची १०० जहाजं ५० जहाजांशी भिडली, असं समजू. १०० चा वर्ग १०,०००, ५० चा २,५००. फरक ७,५००, त्याचं वर्गमूळ सुमारे ८७. म्हणजे लहान ताफा पुरता नष्ट होईपर्यंत मोठ्याची जेमतेम १३ जहाजं जातात!

ईव्हमधला हिशेब तर याहून कठोर. ताफ्याचा प्रमुख शत्रूच्या एका जहाजाचं नाव पुकारतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. त्याच क्षणी शत्रूची दुरुस्ती-जहाजं त्याचं कवच भरून काढू लागतात. मारा दुरुस्तीपेक्षा कमी पडला, तर तासभर तोफा डागूनही एक जहाज पडत नाही. लहान संघाचं कौशल्य अशा वेळी वायाच जातं, आणि नव्या खेळाडूला हे पहिल्या दोन-चार लढायांतच कळून चुकतं.

मोठ्या संघाकडे आणखी एक ओढ असते. अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५च्या ‘द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह ॲक्शन’मध्ये दाखवलं, की सामायिक ध्येय एवढ्यावर मोठे गट टिकत नाहीत, सभासदाला स्वतःपुरता काही लाभ मिळावा लागतो. ईव्हमधले मोठे संघ लढाईत गमावलेल्या जहाजाची भरपाई देतात. ज्याने आठवडाभर खाणकाम करून एक जहाज उभं केलं, त्याला तत्त्वापेक्षा ही भरपाई जवळची वाटली तर नवल नाही.

मग नाराज लोक एकदम बाहेर का पडत नाहीत? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८मध्ये याचं नेमकं उत्तर दिलं. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: आधी इतके जण निघाले, तर मी निघेन. पहिलं पाऊल टाकणारा कुणी नसला, तर सगळ्यांच्या मनात एकच इच्छा असूनही काहीच हलत नाही. एकटा बाहेर पडणारा मात्र कालच्या मित्रांचं सोपं सावज होतो.

आघाड्या किती फुगल्या होत्या, हे जानेवारी २०१४मध्ये दिसलं. बी-आर५आरबी या सूर्यमालेवरचा ताबा टिकवण्यासाठीचं देय भरायचं राहिलं. त्यातून पेटलेल्या लढाईत दोन्हीकडचे मित्र ओढले गेले. २१ तासांत ‘टायटन’ वर्गाची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीसीपीने नियम बदलला: अशा जहाजांनी लांब उड्या मारल्या, की पुढच्या उडीआधी सक्तीने थांबायचं. दूरच्या मित्राची मदत त्यामुळे महाग झाली. माझ्या मते हाच उपाय योग्य जागी बोट ठेवणारा होता, कारण त्याने एकवटण्याचा फायदाच कमी केला.

पण तो पुरेसा ठरला नाही. जुलै २०२०मध्ये ‘इम्पीरियम’ या बलाढ्य आघाडीविरुद्ध अनेक संघ एकत्र आले. तिला हरवायचं तर तिच्याहून मोठं व्हावं लागलं. वर्षभर झुंजूनही इम्पीरियमची राजधानी पडली नाही आणि ऑगस्ट २०२१मध्ये हल्लेखोर माघारी गेले.