परवाना नको, गुन्ह्याचा शिक्का पुसा

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे विशीतल्या तीन तरुणींचं प्रकरण आलं. आदल्या वर्षी मालाडमध्ये पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून धाड घातली, तेव्हा त्या सापडल्या होत्या. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नव्हता; कागदोपत्री त्या 'पीडित' होत्या. तरीही दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभर सुधारगृहात ठेवण्याचा आदेश दिला आणि सत्र न्यायालयानं तो कायम केला. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तिघींची सुटका केली. सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे आणि वेश्याव्यवसाय हा मुळात अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच नाही, असं त्यांनी निकालात नोंदवलं.

हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का, हा प्रश्न आपल्याकडे तो बेकायदा आहे असं धरूनच विचारला जातो. पण १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलिसांपासून वस्तीतल्या बायकांपर्यंत सगळे 'पिटा' म्हणतात, पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवण्याला बंदी करत नाही. तो बंदी करतो आजूबाजूच्या जवळपास सगळ्याच गोष्टींना. रस्त्यावर गिऱ्हाईकाला बोलावणं गुन्हा. देऊळ, शाळा, इस्पितळ यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा. कुंटणखाना चालवणं गुन्हा. आणि दोन बायकांनी सोबत असावी म्हणून एका खोलीत धंदा केला, तरी कायद्याच्या व्याख्येत ती खोली कुंटणखानाच ठरते.

सगळ्यात जाचक आहे ते चौथं कलम. वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कोणालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दलालांसाठी लिहिलेल्या या वाक्यात तिची म्हातारी आईही सापडते आणि कॉलेजात शिकणारा मुलगाही. तिच्यासोबत राहतो एवढं सिद्ध झालं की तो तिच्या कमाईवर जगतो असं कायदा धरून चालतो, आणि तसं नाही हे त्यानंच दाखवायचं. ज्या मुलाच्या फीसाठी ती धंद्यात उभी राहिली, तो सज्ञान होताच कायद्याच्या नजरेत संशयित होतो.

मग सरकारनं परवाने द्यावेत, नोंदणी करावी, दर महिन्याला वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण हा प्रयोग या देशात होऊन गेला आहे. आपल्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारनं १८६८ मध्ये कायदा केला आणि वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू केली. आजारी निघालेल्या बाईला खास इस्पितळात डांबून ठेवत. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी कोणीच करत नव्हतं. मुंबईतही हा कायदा लागू झाला होता. बायका नोंदणी चुकवत, लपत, आणि पोलिसांच्या हाती छळाचं आणखी एक साधन येई. अखेर १८८८ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

जर्मनीचा अनुभव ताजा आहे. तिथं २००२ पासून हा व्यवसाय रीतसर मान्य झाला आणि २०१७ मध्ये प्रत्येक वेश्येची नोंदणी बंधनकारक झाली. २०२३ अखेर नोंद होती सुमारे ३०,६०० जणांची. या व्यवसायातल्या लोकांचे जे अंदाज वर्तवले जातात, त्यांच्या तुलनेत हा आकडा फारच लहान आहे. सरकारी दप्तरात हे नाव कायमचं चिकटू नये असं वाटणारी बाई नोंदणीला जात नाही. मग मान्यतेचा लाभही तिला मिळत नाही. स्वीडननं १९९९ मध्ये तिसरी वाट धरली. तिथं विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा गुन्हेगार आहे. न्यायाच्या अंगानं ही कल्पना मनाला पटते. पण गिऱ्हाईकच पोलिसांना घाबरू लागलं की सौदा आडोशाला, घाईत होतो आणि माणूस पारखायला बाईला वेळ उरत नाही.

न्यूझीलंडनं २००३ मध्ये वेगळा विचार केला. या व्यवसायावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसणारं विधेयक ६० विरुद्ध ५९ अशा एका मतानं निसटून मंजूर झालं. पूर्वी स्वतः हा व्यवसाय केलेल्या खासदार जॉर्जिना बेयर त्या चर्चेत बोलल्या. आपल्यावर बळजबरी झाली तेव्हा कायद्याकडे जायची सोय नव्हती, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. या कायद्यानं प्रत्येक बाईची नोंदणी मागितली नाही. चार जणींपर्यंत मिळून, मालकाशिवाय, कसल्याही परवान्याविना काम करता येतं. कोणत्याही क्षणी नकार देण्याचा हक्क लेखी आहे. २०१४ मध्ये तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणानं लैंगिक छळाबद्दल एका कुंटणखाना चालकाविरुद्ध निकाल देऊन तिथल्या बाईला २५,००० डॉलरची भरपाई मिळवून दिली. उणीवही आहे: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना हे काम करायला बंदी आहे, म्हणून सर्वांत दुबळ्या बायकाच संरक्षणाबाहेर राहतात.

भारतात असा गुन्ह्याचा शिक्का पुसण्यावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. कित्येक मुली इथं फसवून, विकून आणल्या जातात. म्हणूनच मुली पळवणाऱ्या आणि डांबणाऱ्यांवरची कलमं जशीच्या तशी राहिली पाहिजेत, आणि अल्पवयीन मुलींबाबत कसलीही सवलत असता कामा नये. पण वस्तीत कोवळी पोर आणली गेली तर ती सर्वांत आधी दिसते शेजारच्या खोलीतल्या बाईलाच. पोलीस चौकीत गेलं की आपल्यावरच केस होईल ही भीती असेल तर ती बोलणार कशी? सांगलीत १९९६ पासून काम करणारी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही धंदेवाल्या बायकांचीच संघटना आहे. धाडी घालून 'सोडवण्या'पेक्षा आम्हाला हक्क द्या, हे त्यांचं म्हणणं जुनं आहे. नागपुरात मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी पिटाचा आधार घेत गंगा-जमुना वस्तीला अडथळे लावून धंदा बंद केला. वर्षानुवर्षं तिथं राहणाऱ्या बायकांना निषेधासाठी रस्त्यावर उतरावं लागलं.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव करमास्कर खटल्यात पोलिसांना निर्देश दिले. सज्ञान स्त्री स्वेच्छेनं या व्यवसायात असेल तर तिच्याशी सन्मानानं वागा, तिची तक्रार इतरांसारखीच नोंदवा, जवळ कंडोम सापडले हा गुन्ह्याचा पुरावा मानू नका. आधार कार्डासाठी या स्त्रियांना रहिवासाच्या पुराव्याची अट शिथिल करण्याचा मार्गही न्यायालयानं काढून दिला. संसद कायदा करीपर्यंत हे निर्देश लागू राहतील, असंही म्हटलं.

आता काम संसदेचं आहे. चौथ्या कलमातून घरची माणसं वगळावीत. रस्त्यावर उभं राहण्याचा गुन्हा रद्द व्हावा. दोघी-तिघींच्या खोलीला कुंटणखाना म्हणणं थांबावं. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात कोंडण्याचा अधिकार काढून घ्यावा. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांतल्या आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि पिटातल्या या कलमांबद्दल त्याची भूमिका काय आहे ते लेखी मागा.