रक्त दिलं तर औत कसं धरायचं?

रक्तदानाचे नाव काढले की पहिला प्रश्न हाच येतो. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातले घेतात ते ३५० मिलिलिटर. वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५०. विहीर थोडी उपसली तर झरे ती भरून काढतात ना? तसंच हे. पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषाने तीन आणि बाईने चार महिने गेल्याशिवाय पुन्हा रक्त देऊ नये.

वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवे. आपल्या आयाबहिणींचे ते पुष्कळदा कमी भरते. परत पाठवले तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवून औषध घ्या. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईने रक्त देऊ नये.

उपाशीपोटी जाऊ नका, हा काही उपास नव्हे! भाकरी खाऊन, पाणी पिऊन जा. त्या दिवशी विहिरीत उतरणे, झाडावर चढणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे नको. दुसऱ्या दिवशी बरे वाटत असेल तर खुशाल औत धरा.

रक्त कारखान्यात बनत नाही, आणि साठवले तरी ३५ ते ४२ दिवसच टिकते. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला की गावभर माणूस धुंडायला वेळ नसतो; पेढीत पिशवी तयार असावी लागते. पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आहे, तेव्हा दलालाला थारा देऊ नका.

उन्हाळ्यात पेढ्यांत टंचाई पडते. गावात शिबिर घ्यायचे तर सुगी उरकल्यावर तेव्हाच घ्यावे, आणि जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीला आधी कळवावे.