मांजराचा डॉक्टर बदलावा काय?

घरखर्चाला आळा घालण्याची वेळ आली, म्हणजे प्रपंची माणसाची नजर ज्या बाबींवरून फिरते, त्यांत अलीकडे एका नव्या बाबीची भर पडली आहे. ती म्हणजे घरांतल्या मांजराची पशुवैद्याकडील नेहमींची फेरी. मांजर आमच्या चांदा मुलुखांत नवें नव्हे. धानाच्या कोठीवर उंदरांचा बंदोबस्त ठेवणारें मांजर येथें पूर्वापार आहे. परंतु त्याला कोणी डॉक्टरकडे नेत नसे. तें एके दिवशीं दिसेनासें होई आणि त्याच्या जागीं दुसरें येई. आतां शहरांतल्या बिऱ्हाडांत मांजर राहतें तें घरच्यांपैकींच एक म्हणून. त्याची लस, त्याचें जंतांचें औषध, त्याची तपासणी यांचा खर्च दरसाल येतो. मग शेजारीं कोणीतरी सांगतें, "अहो, आमच्या डॉक्टरांकडे याच सुईचे पुष्कळ कमी पैसे पडतात". आणि रात्रीं जेवतांना प्रश्न निघतो, कीं डॉक्टर बदलूं या का?

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण लस टोचली जाणें आणि ती लागूं पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या रोगांविरुद्ध ती टोचावयाची, त्यांत रेबीज हा एक आहे. तो केवळ कुत्र्यांपासूनच होतो हा समज चुकीचा आहे. पिसाळलेल्या प्राण्यानें चावलेलें मांजर तो रोग घरांत आणूं शकतें, आणि माणसांत त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. तेव्हां ज्या काटकसरीचा आपण विचार करीत आहों, तिचा संबंध मांजराच्या अंगाखांद्याशीं खेळणाऱ्या मुलांशीं पोंचतो.

आपल्या भागांत निवड तरी कशाकशांत करावयाची, तें आधीं पाहूं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्वीं एकच जिल्हा होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं ते वेगळे झाले. या दोन्ही जिल्ह्यांत पशुवैद्यकाची जी सरकारी व्यवस्था उभी राहिली, ती गायीबैलांसाठीं. लोक तिला अजूनही ढोरांचा दवाखानाच म्हणतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि एके काळीं बुळकांडी या रोगांनीं शेतकऱ्याचें दावण रिकामें होत असे. बुळकांडी तर जगांतूनच नाहींशी झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें, आणि त्या यशांत अशाच साध्या दवाखान्यांतून झालेल्या लसटोचणीचा मोठा वांटा आहे. या दवाखान्यांत शुल्क नांवापुरतें असतें. खासगी पशुवैद्य, आणि विशेषतः कुत्र्यामांजरांकडे लक्ष देणारे, मुख्यत्वें मोठ्या गांवांतच सांपडतात. त्यापुढचा टप्पा नागपूर. तेथें १९५८ सालीं निघालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचें रुग्णालय आहे. पण चंद्रपुराहून तें सुमारें दीडशें किलोमीटर पडतें.

सरकारी दवाखाना स्वस्त म्हणून तो कमी दर्जाचा, असें मानण्याची एक शहरी खोड आहे. ती सोडून द्यावी. तेथील पशुधन विकास अधिकारी आणि खासगी दवाखान्याचे डॉक्टर हे एकच पदवी घेऊन आलेले असतात. अभ्यासक्रम तोच, नोंदणीचा कायदाही तोच, १९८४ सालचा. मात्र एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. श्रेणी एकच्या दवाखान्याचा प्रमुख पदवीधर असतो. श्रेणी दोनच्या दवाखान्याचें काम बहुधा पदविका घेतलेले पर्यवेक्षक पाहतात. गुरांच्या कामांत यांचा हात तयार असतो, पण मांजर हें लहान गुरूं नव्हे. म्हणून दवाखान्याच्या दारावरील पाटी वाचून आंत जावें आणि पदवीधर डॉक्टर कोणत्या दिवशीं असतात हें नम्रपणें विचारावें. असा प्रश्न विचारल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं.

आतां पैशांकडे वळूं. पुष्कळ घरांत "मांजराचा डॉक्टरखर्च" म्हणून जो आंकडा सांगतात, त्यांत तीन निरनिराळे खर्च मिसळलेले असतात: प्रतिबंधाचा, आजाराचा, आणि दवाखान्याच्या काउंटरवरून घेतलेल्या खाद्याचा व साबणाचा. गेल्या वर्षाच्या पावत्या काढून त्यांचे तीन ढीग करावे. तिसरा ढीग मोठा निघाला, तर डॉक्टर बदलण्याचें कारणच उरत नाहीं. दुकान बदलावें, म्हणजे झालें.

पहिल्या ढिगांतही दरापेक्षां संख्येवर बचत अधिक होते. मांजरांच्या तीन मुख्य विषाणुरोगांविरुद्ध जी एकत्र लस असते, ती पिलाला सहा ते आठ आठवड्यांचें असतांना सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. त्यानंतर सहा महिन्यांचें झाल्यावर किंवा वर्षाच्या सुमारास आणखी एकदां. येथपर्यंत हात आंखडूं नये. पिलांची तांतडीनें आहुति घेणारा जो आंतड्यांचा रोग आहे, ज्यांत रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटतात, तो याच वयांत गांठतो, आणि त्याचा विषाणु घरांत वर्षभरही तग धरूं शकतो. पण पुढें काय? जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणें, घराबाहेर न जाणाऱ्या आणि इतर मांजरांत न मिसळणाऱ्या प्रौढ मांजराला ही लस तीन वर्षांतून एकदांहून अधिक वेळां देण्याची गरज नसते. भटकणाऱ्या मांजराची गोष्ट निराळी. त्याला सर्दीच्या विषाणूंचें भय दरवर्षींचें आहे. रेबीजची लस मात्र तिसऱ्या महिन्यापासून, आणि पुढें कुपीवर छापलेल्या मुदतीप्रमाणें. आपल्या देशांत ती बहुधा दरसाल देतात, आणि तींत कपात सुचविणारा सल्ला ऐकूं नये. ६ जुलै हा दिवस पाश्चर यांनीं १८८५ सालीं ही लस प्रथम माणसास दिली म्हणून, आणि २८ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास अनेक ठिकाणीं सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत टोचतात. त्याचा लाभ घेण्यांत संकोच कसला?

आतां ज्या गोष्टीकडे गिऱ्हाईक कधींच पाहत नाहीं, ती सांगतों. लस दोन ते आठ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवावी लागते. ती गोठतां कामा नये आणि तापतांही कामा नये. आपलें चंद्रपूर मे महिन्यांत छेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत तापतें, आणि देशांतील अतितप्त गांवांच्या यादींत त्याचें नांव वरचेवर झळकतें. अशा दिवसांत वीज चार-सहा तास गेली, आणि शीतपेटी जुनी असली, तर आंतल्या लसीची शक्ति ओसरते. रंग बदलत नाहीं, वास येत नाहीं. सुई टोचली जाते, पुस्तकांत नोंद होते, आणि संरक्षण मिळत नाहीं. म्हणून दोन दवाखान्यांतील दरांची तुलना करण्यापूर्वीं त्यांच्या शीतपेट्यांची तुलना करावी. आंत उष्णतामापक आहे काय? वीज गेल्यावर काय करतात? पेटींत लसींच्या शेजारीं पाण्याच्या बाटल्या आणि डबे कोंबलेले आहेत काय? चांगला डॉक्टर, सरकारी असो कीं खासगी, हें दाखविण्यांत अनमान करीत नाहीं. कुपीवरील चिठ्ठी, जिच्यावर गट-क्रमांक आणि मुदत असते, ती तुमच्या पुस्तकांत चिकटवून मिळालीच पाहिजे. ही चिठ्ठी जेथें मिळत नाहीं, तेथें सुई फुकट मिळाली तरी ती महागच म्हणावी.

दुसरी पारख तपासणीची. नेहमींच्या फेरींत आपण पैसे मोजतों ते केवळ सुईचे नव्हेत, प्रश्नांचे. डॉक्टर मांजराचें वजन करतो काय? दांत पाहतो काय? त्याला खायला काय घालतां, तें बाहेर जातें काय, पाणी किती पितें, हें विचारतो काय? या प्रश्नांना आपल्या भागांत नवें महत्त्व आलें आहे. डिसेंबर २०२४ मध्यें नागपुराजवळच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी केंद्रांत तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणींत बर्ड फ्लूचा विषाणु निघाला. ते वाघ चंद्रपूर भागांतून तेथें नेलेले होते. पुढें थोड्याच काळांत शेजारच्या मध्यप्रदेशांत, छिंदवाड्यास, तोच विषाणु घरगुती मांजरांतही आढळला. कोंबडीबाजारांतले कच्चे तुकडे स्वस्तांत आणून मांजराला घालण्याची जी पद्धत आहे, ती बचत म्हणून मुळींच चालूं ठेवूं नये. मांस शिजवूनच घालावें. आणि ज्या डॉक्टरनें तुम्हांला ही गोष्ट न विचारतां सांगितली, त्याचे दर थोडे चढे असले तरी त्याला सोडण्याची घाई करूं नये.

शस्त्रक्रियेचा हिशेब मी नेहमींच्या खर्चांत धरीत नाहीं. मांजरी पांचव्या महिन्याच्या सुमारासही गाभण राहूं शकते, आणि नऊ आठवड्यांत पिलें होतात. तेव्हां ती शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणें हीच खरी मोठी बचत आहे. पण येथें स्वस्ताईच्या मागें लागण्यापेक्षां हात कोणाचा बसलेला आहे तें पाहावें. "महिन्यांत किती मांजरींच्या करतां?" हा एकच प्रश्न पुरे. भूल देण्यापूर्वीं वजन करतात काय, आणि नंतर वेदना कमी करणारें औषध देतात काय, हेंही विचारून घ्यावें. या एका कामासाठीं नागपूरपर्यंत जाणेंही कित्येकांना परवडतें.

मांजर हें कुत्र्याच्या किंवा वासराच्या मापानें औषध देण्याचें जनावर नव्हे, हें तर विसरूंच नये. आपण तापासाठीं सहज घेतों ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते. त्याच्या यकृताला तें विष पचविण्याची सोय निसर्गानें दिलेली नाहीं. गोचीड मारण्यासाठीं कुत्र्यांना लावतात त्यांपैकीं पर्मेथ्रिनयुक्त औषधें मांजराला झटके आणतात. गुरांच्या गोठ्यांतलें औषध "थोडेंसें" लावून पाहण्याचा मोह खेड्यांत होतो, तो अनेकदां घातक ठरतो. नव्या डॉक्टरकडे पहिल्या भेटींत गोचिडांवर काय द्याल, एवढें विचारलें, तरी मांजरांविषयीं त्याची जाण किती हें कळून येतें.

आणि शेवटीं अडीनडीचा विचार. बोका वारंवार मातीच्या पेटींत जाऊन बसतो, कण्हतो, आणि लघवीचा थेंब पडत नाहीं, असें दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. मार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावूं शकतो. अशा वेळीं दूरच्या स्वस्त डॉक्टरचा उपयोग काय? चंद्रपुरांत तुकूमला राहणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न फारसा जाचणार नाहीं. पण भामरागडला नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाचें उदाहरण घ्या. गडचिरोली तेथून दीडशेंहून अधिक किलोमीटर, आणि पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें त्या गांवाचा रस्ता तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों. त्यानें जवळच्या सरकारी दवाखान्याशीं संबंध जोडावाच. आणि मोठ्या गांवांतील एका मांजर जाणणाऱ्या डॉक्टरशीं फोनवरून बोलण्याइतकी ओळख राखावी. माझ्या मतें शहरांतल्या कुटुंबानेंही हाच मार्ग धरावा. लस आणि जंतांचें औषध, शीतपेटीची खात्री पटली असेल तर, कमी खर्चाच्या ठिकाणीं. आजार, दांत आणि शस्त्रक्रिया जुन्या, ओळखीच्या डॉक्टरकडे. दोघांनाही एकमेकांच्या नोंदी दाखवाव्या. लपवालपवी करण्याचें कारण नाहीं; उलट जुन्या डॉक्टरना आपली अडचण मोकळेपणीं सांगितली, तर कोणती सुई यंदा टाळतां येईल हें पुष्कळदां तेच सांगतात.

बदल करावयाचाच, तर मांजर धडधाकट असतांना करावा. जुन्या दवाखान्यांतून लसींच्या तारखा, वजनें आणि न मानवलेलीं औषधें यांची लेखी नोंद मागून घ्यावी. उन्हाळ्यांत दुपारीं स्कूटरवर टोपली घेऊन निघूं नये. सकाळीं सातच्या आंत किंवा दिवे लागल्यावर जावें, टोपलीवर ओलें फडकें टाकावें, वारा मात्र अडवूं नये. आणि या खटपटींत मांजर कोणाला चावलें किंवा त्यानें ओरखडलें, तर हळद-चुना न लावतां जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं माणसांच्या सरकारी रुग्णालयांत जावें. तेथें ती लस विनामूल्य मिळते.