खिशातील घडीचा चाकू

हत्यार कितीही उत्तम असले, तरी ते वेळेस हाती नसेल तर व्यर्थ होय. गतवर्षी पावसाळ्यात, १९१७ साली बांधलेल्या आमच्या बोदलकसा तलावाच्या काठी एक गोऱ्हा दाव्यासह झुडुपात अडकला. दावे भिजून गळ्याशी आवळले होते व गाठ कोणाच्याने सुटेना. आमचा विळा घरी वळचणीस खोचलेला! एका गुराख्यापाशी लहानसा चाकू निघाला, म्हणून जनावर वाचले. तेव्हापासून आम्ही घडीचा चाकू बाळगू लागलो.

प्रथम पितळी मुठीचा घेतला. तो जड असल्याने खिसा ओढी व वाकताना मांडीस टोचे. आठ दिवसांत तो फडताळात पडला. मग लाकडी मुठीचा, सुमारे ५० ग्रॅम वजनाचा घेतला. त्याचे ओझे वाटत नाही, म्हणूनच तो टिकला. फ्रान्सच्या सावॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली असाच साधा, हलका चाकू घडविला. १९५५ पासून त्यास, उघडलेले पाते बोटांवर मिटू नये म्हणून, फिरते कडे बसविण्यात येऊ लागले. चाकू घेताना अशी काही अडकण आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

सवय जडण्यास एकच खिसा व घरात एकच कोनाडा ठरवावा. खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, कलमाची पट्टी यांकरिता दात न वापरता मुद्दाम चाकूच काढावा. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे.

रोवणीच्या दिवसांत साधे पोलादी पाते लवकर गंजते व भिजलेली लाकडी मूठ फुगून सांधा आखडतो. सबब रोज पुसून, वाळवून, खोबरेल तेलाचा थेंब द्यावा. जवसाचे तेल वाळून चिकटते. ते सांध्यास लावू नये.

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले आहेत. शेतीकामाकरिता घडविलेले त्यांतून वगळले आहेत. आपल्या कामास ३ इंची पाते पुरते. बटण दाबताच उघडणारा चाकू मात्र घेऊ नये. आणि जत्रेस, सभेस वा कचेरीत जाताना चाकू घरीच ठेवावा.

शेतकरी बंधूंनी एक पंधरवडा हा प्रयोग करून पाहावा, इतकीच विनंती.