नगर पोलीस

नगर पोलीस : शहराच्या स्थानिक स्वराज्य संस्थेने उभारलेले, तिच्याच निधीतून चालणारे व तिलाच उत्तरदायी असलेले पोलीसदल. ही पद्धती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रातही, ती नाही. येथील शहरात पोलीस असतात, परंतु ते शहराचे नसून राज्याचे असतात. ठाण्यातील वागणुकीबद्दल किंवा बाजारातील वाढत्या चोऱ्यांबद्दल नागरिकाने जाब कोणाला विचारावा, हे या भेदावरून ठरते.

लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील याने वेतनी, गणवेशधारी पोलीसदल स्थापन केले. ते शासनाच्या गृहमंत्र्याच्या अधीन होते. अमेरिकेने गस्तीची पद्धत लंडनची घेतली, पण ताबा शहराकडे ठेवला. पोलीस-प्रमुखाची नेमणूक महापौर किंवा नगर-व्यवस्थापक करतो आणि अंदाजपत्रक नगरसभा मंजूर करते. परिणामी त्या देशात सु. १८ हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा असून स्थानिक विभागांपैकी जवळजवळ निम्म्यांत दहापेक्षाही कमी पूर्णवेळ अधिकारी आढळतात. इतका लहान विभाग चालविणे महाग पडते. म्हणून कॅलिफोर्नियातील लेकवुड या उपनगरी शहराने १९५४ मध्ये स्वतःचे दल न उभारता परगण्याच्या शेरीफकडून करारावर पोलीससेवा घेतली व पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

नगरव्यवस्था व पोलीस यांची सांगड महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. पेशवाईतील पुण्याचा कोतवाल गुन्ह्यांचा तपास व रात्रीचा पहारा पाही. त्याबरोबरच बाजारभाव, वजनेमापे, घरांच्या खरेदीविक्रीची व परगावाहून येणाऱ्यांची नोंद ही कामेही त्याच्याकडे असत. मात्र हा अधिकारी सरकारने नेमलेला असे. नागरिकांचा त्याच्यावर अंकुश नव्हता. घाशीराम कोतवालाच्या कोठडीत काही प्रवासी मरण पावले, तेव्हा लोकांनी १७९१ मध्ये दगडांनी ठेचून त्याचा अंत केला. दाद मागण्याची नियमित वाट नसली म्हणजे काय घडते, याचा हा दाखला म्हणता येईल.

इंग्रजी अमलात पोलीस सरकारच्या हाती राहिले, खर्चाचा भार मात्र काही काळ नगरपालिकांवर पडत असे. लॉर्ड रिपन याच्या १८८२ च्या ठरावाने हा भार काढून ती रक्कम शिक्षण, आरोग्य यांसारख्या स्थानिक कामांकडे वळविण्याचे धोरण सुचविले. मुंबई महानगरपालिकेचा वाद त्यानंतरही चालू राहिला. पैसा आम्ही द्यायचा आणि हुकूम आयुक्ताचा, ही तिची तक्रार रास्तच होती. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलीसखर्च सरकारने स्वीकारला व त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत इत्यादींची जबाबदारी महानगरपालिकेने पतकरली. पोलिसांवर नियंत्रण मिळवावे की त्यांच्या खर्चातून मोकळे व्हावे, या पेचातून निघालेली ही तडजोड पुढील व्यवस्थेची दिशा दाखविते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना बारावी अनुसूची मिळाली. तिच्या अठरा बाबींत अग्निशमन आहे, पोलीस नाही. महाराष्ट्रातील दलाचा मुख्य कायदा १९५१ चा असून त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन पुढे ‘महाराष्ट्र’ आले. मोठ्या नागरी क्षेत्रांत पोलीस आयुक्त व अन्यत्र जिल्हा पोलीस अधीक्षक अशी विभागणी आहे. महानगरपालिका झाली म्हणजे आयुक्तालय येतेच असे नाही. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये स्थापन झाली, तरी शहर अधीक्षकांच्याच अधिकारक्षेत्रात राहिले. उलट मीरा-भाईंदर व वसई-विरार या दोन महानगरपालिकांच्या क्षेत्रांसाठी २०२० मध्ये एकच आयुक्तालय झाले. तेथेही आयुक्त राज्यशासन नेमते.

लहान शहरात ही व्यवस्था कशी चालते, हे पेठ वडगावच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हातकणंगले तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव (२०११ मधील लोकसंख्या सु. २५ हजार) असून सेनापती धनाजी जाधव यांची समाधी येथे आहे. १९४९ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत ते कोल्हापूर संस्थानात होते. येथे नगरपरिषद आहे व पोलीस ठाणेही आहे, परंतु दोहोंच्या हद्दी एक नाहीत. ठाण्याकडे आसपासची खेडीही येतात. एवढ्या वस्तीच्या अमेरिकी शहराला स्वतःचा पोलीस-प्रमुख असता. येथे ठाण्याचा प्रभारी अधिकारी उपविभागीय अधिकाऱ्यामार्फत कोल्हापूरच्या अधीक्षकांना, अधीक्षक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना व ते महासंचालकांना उत्तरदायी असतात.

कामाची वाटणीही यातूनच ठरते. रस्ता नगरपरिषदेचा, त्यावरील वाहतूक पोलिसांची. बाजारात बसण्याची जागा नगरपरिषद ठरविते, तेथील खिसेकापू पोलिसांनी पकडायचा. अतिक्रमण काढणारे पथक एकाचे, बंदोबस्त दुसऱ्याचा. नगराध्यक्ष पोलिसांना विनंती करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. उत्सवापूर्वीच्या शांतता समितीत नगरसेवक बसतात, पण ती समिती सल्ला देण्यापुरती असते.

या अंतराचा एक लाभ उघड आहे : गावातील गटबाजी तीव्र असताना निवडून आलेल्या गटाच्या हाती अटकेचा अधिकार जात नाही. अर्थात राज्याच्या राजकारणातून येणारा दबाव त्याने टळत नाही. तोटा ओळखीचा आहे. कायद्यानुसार निरीक्षकाचा एका ठाण्यातील सर्वसाधारण कार्यकाल दोन वर्षांचा असतो. गाव कळू लागते तोच बदली होते. शिपाई व हवालदार एका ठिकाणी साधारणतः पाच वर्षे राहतात, म्हणून गावाची माहिती प्रत्यक्षात त्यांच्यापाशी असते. ही उणीव लोकसहभागाने भरता येते, हे भिवंडीत दिसले. तेथे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात राज्य व जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणे नेमण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा राज्यपातळी कायम ठेवून जिल्ह्याऐवजी महसुली विभाग हा घटक धरला. वडगाव ज्या विभागात मोडते, त्याचे मुख्यालय पुण्यास आहे.