तणाचे औषध आणि माणसाचे फुफ्फुस



पाऊस लागला की सावली भागात आमच्या फेऱ्या वाढतात. इकडचे मुख्य पीक धान. बांध्या भरतात आणि अधूनमधून कोणी उसाची लागण केलेली दिसते. निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून धुऱ्यावर आणि उसाच्या सरीत तणनाशक मारण्याची रीत पडली आहे. त्यात पॅराक्वाट बऱ्याच घरी आढळते. दोन दिवसांत गवत करपते, म्हणून लोकांना ते पसंत. आपण त्याला 'औषध' म्हणतो, तिथेच अर्धा घात आहे.

हे रसायन १९६२ पासून तणनाशक म्हणून बाजारात आले. ते गवत कसे मारते हे समजले म्हणजे माणसाला कसे मारते तेही समजते. पान सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते तेव्हा त्यात विजेच्या सूक्ष्म कणांची ने-आण चालू असते. पॅराक्वाट तो कण मधल्यामध्ये पळवते आणि हवेतल्या प्राणवायूच्या हवाली करते. त्यातून जहाल स्वरूपाचा प्राणवायू तयार होतो आणि पेशीचे आवरण जाळतो. पॅराक्वाट मात्र पुन्हा मूळ रूपात मोकळे होऊन पुढचा कण पळवायला तयार! एकच रेणू हे हजारदा करतो.

माणसाच्या अंगात तसाच प्रकार फुफ्फुसात घडतो. श्वासाच्या फुग्यांच्या पेशी आपल्या गरजेची काही द्रव्ये रक्तातून ओढून घेतात. पॅराक्वाटची ठेवण त्या द्रव्यांसारखीच असल्याने पेशी फसतात आणि त्यालाही आत घेतात. परिणामी रक्तापेक्षा फुफ्फुसात विष कितीतरी पट साठते. मग शरीराचीच विकरे त्याला विजेचा कण देतात, प्राणवायू तिथे मुबलक असतोच, आणि जाळण्याचे चक्र सुरू होते. पेशीजवळचा बचावाचा साठा संपतो. मेलेल्या पेशींच्या जागी चिवट धागे माजतात, फुफ्फुस घट्ट होते आणि श्वास आत जाईना असे होते.

यातली सर्वांत फसवी गोष्ट वेळेची. २४ टक्के द्रावणाचा एक घोट, १०-१५ मिलिलिटर, जीव घ्यायला पुरेसा आहे. पण माणूस पहिले दोन-तीन दिवस बरा दिसू शकतो. तोंड सोलते, घसा दुखतो, लघवी कमी होते, तरी बोलतो-चालतो. घरचे म्हणतात, बरा झाला. दम लागायला लागतो तो त्यानंतर, कधी आठवड्याने. याला उतारा नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक दगावले, ते आपणास आठवत असेल. तिथली विषे मुख्यतः कीटकनाशके होती. त्या जातीतल्या काही औषधांचे, उदाहरणार्थ क्लोरपायरिफॉसचे, आपले यकृतच अधिक जहाल विषात रूपांतर करते. मात्र त्यांच्यावर अॅट्रोपीन तरी आहे. पॅराक्वाटवर तसले काही नाही. युरोपीय संघात त्याला २००७ पासून मान्यता नाही, श्रीलंकेने २००८ पासून टप्प्याटप्प्याने ते बंद केले, केरळने २०११ साली बंदी घातली.

आता आमच्या डोळ्यांदेखत काय चालते ते सांगतो. तुंबलेला नोझल फवारणारा गडी तोंडाने फुंकतो. उरलेले द्रावण शीतपेयाच्या नाहीतर दारूच्या बाटलीत भरून धुऱ्यावर ठेवतो, तिथेच पोरगा पाणी मागत असतो. गळका पंप पाठीवर घेऊन उघड्या अंगाने दिवसभर फवारणी चालते. जखमेच्या किंवा सोललेल्या कातडीतूनही हे विष आत जाते, हे कोणी सांगितलेलेच नसते.

आमचे मत विचाराल तर खोडव्यात याची गरजच कमी. पाचट न जाळता सरीत पसरले तर तण बरेच दबते, आणि लागणीच्या उसात तण उगवण्यापूर्वी अॅट्राझीन मारले तर पुढचा बराच त्रास वाचतो. तरी कोणी आणलेच तर आधी लेबल वाचावे, त्यावर आपले पीक आहे की नाही ते पाहावे. डबा मूळचाच ठेवावा, कुलपात. नोझलसाठी तार किंवा जुना ब्रश पंपाला बांधून ठेवावा.

आणि पोटात गेलेच तर घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या गाडीने वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला न्यावे. पहिल्या तासांत दवाखान्यात कोळशाची पूड किंवा मुलतानी माती देतात, कारण हे विष मातीला घट्ट चिकटते. डबा लेबलासकट सोबत न्यावा आणि नाव डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे. इतर रुग्णांना दम लागला की प्राणवायू लावतात. इथे तोच प्राणवायू फुफ्फुसातली आग वाढवतो, म्हणून तो केव्हा आणि किती द्यायचा हे डॉक्टरांना नाव कळल्यावरच ठरवता येते.